मणक्याचं ऑपरेशन ठरलंय? इन्फेक्शन टाळण्यासाठी घरच्यांनी कधी काय करायचं

ठाण्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून मी २२ वर्षं काम केलं. आधी नौपाड्यातल्या एका लहान नर्सिंग होममध्ये, मग घोडबंदर रोडच्या बाजूला एका मोठ्या रुग्णालयात. मणक्याचं ऑपरेशन ठरलेल्या पेशंटच्या घरच्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. चालता येईल ना? लघवीवरचा ताबा तर जाणार नाही? बिल किती होईल? इन्फेक्शनचं कोणी फारसं विचारत नाही. विचारलंच तर असं: "सिस्टर, चांगलं भारीतलं अँटिबायोटिक द्या हं. पंधरा दिवसांचा कोर्स लिहून द्या, पैशांचं बघू नका."

त्यामागची काळजी मला कळते. पण इन्फेक्शन टाळण्यासाठी दिलेलं अँटिबायोटिक खरं काम करतं ते चीर देण्याआधीच्या तासाभरात आणि ऑपरेशन चालू असताना. नंतरच्या पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी ती कसर भरून निघत नाही. बाकीच्या बऱ्याच गोष्टी मात्र घरच्यांच्याच हातात असतात, आणि त्या वेळेवर कळल्या नाहीत म्हणून राहून जातात. त्या इथे क्रमाने लिहिते आहे. औषध कोणतं आणि किती हे तुमचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतील. त्यांना काय विचारायचं आणि काय सांगायचं, तेवढं तुम्हाला माहीत हवं.

आधी धोका समजून घ्या

सरकलेल्या गादीचा तुकडा काढायचं छोटं ऑपरेशन असेल तर इन्फेक्शनचं प्रमाण साधारण शंभरात एक, बऱ्याचदा त्याहून कमी. स्क्रू आणि रॉड बसवून मणके जोडायचे असतील तर ते शंभरात दोन ते पाचाच्या घरात जातं. ट्यूमर, अपघात किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर आणखी वाढतं. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला होतं त्याच्या घराचे पुढचे दोन-तीन महिने त्यातच जातात, म्हणून आधीची मेहनत कमी लेखू नका.

मणक्याचीच इतकी काळजी का? कमरेच्या मणक्यापर्यंत पोचायला पाठीचे जाड स्नायू बाजूला सारावे लागतात. रिट्रॅक्टर नावाचं उपकरण ते स्नायू तासन् तास ताणून धरतं, आणि तेवढा वेळ तिथला रक्तपुरवठा कमी होतो. म्हणूनच लांबलेल्या केसमध्ये सर्जन मधूनमधून रिट्रॅक्टर सैल करतात. मणक्यातल्या गादीला तर मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, त्यामुळे तिथे औषध झिरपत झिरपत पोचतं. आणि स्क्रू-रॉडवर जंतू एकदा बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं ना, तसा. त्या थरात अँटिबायोटिक नीट शिरत नाही. जंतूंना बसायलाच जागा मिळू नये, यासाठी सगळी धडपड असते.

हे जंतू बाहेरून येतात अशी लोकांची समजूत असते. बहुतेक वेळा ते पेशंटच्याच कातडीवरचे किंवा नाकातले असतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निरोगी माणसांतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या नाकात मुक्कामाला असतो आणि एरवी काही त्रास देत नाही. कमरेच्या अगदी खालच्या भागातल्या जखमेला आतड्यातल्या जंतूंचाही धोका असतो, कारण शौचाची जागा जवळ.

पहिली पायरी: तारीख ठरली त्या दिवसापासून

साखर. मधुमेह असेल तर सगळ्यात आधी हे बघा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. ती साडेसात-आठच्या वर असेल तर घाईचं नसलेलं ऑपरेशन बरेच सर्जन पुढे ढकलतात. तसं सांगितलं तर रागावू नका आणि लगेच दुसरा डॉक्टर शोधायला निघू नका. पंधरा दिवस कडक पथ्य केलं की हा आकडा लगेच खाली येत नाही, त्याला दोन-तीन महिने लागतात. ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतरच्या दोन दिवसांत रक्तातली साखर २०० च्या खाली ठेवायची असते, मधुमेह नसलेल्यांचीसुद्धा. ऑपरेशनच्या ताणाने साखर चढते. "बाबांना कधीच शुगर नव्हती, मग बोट का टोचता?" असं वॉर्डात विचारतात, त्याचं उत्तर हे.

तंबाखू. सिगारेट-बिडीचं सगळे कबूल करतात. मिश्रीचं मात्र कोणी बोलत नाही. मी एकदा साठीच्या एका आजींना विचारलं, "तंबाखू खाता का?" "नाही हो," म्हणाल्या. मग सूनबाईंनी हळूच सांगितलं की आजी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. आजींच्या हिशेबात ती तंबाखू नव्हतीच, दात घासायचं साधन होतं. पण मिश्री, गुटखा, मावा, तपकीर या सगळ्यात निकोटिन आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेपर्यंत रक्त कमी पोचतं आणि जोडलेली हाडंही उशिरा जुळतात. निदान चार आठवडे आधी बंद करा. घरातल्या बायकांना हे वेगळं विचारा, आणि ओरडून न विचारता विचारा.

शरीरात दुसरीकडे कुठे इन्फेक्शन आहे का ते पाहा. लघवीला जळजळ, हलणारा किंवा पू येणारा दात, पायाच्या बोटांतल्या चिखल्या, पाठीवरचं गळू. ठाण्याच्या पावसाळ्यात चिखल्या कोणाला होत नाहीत, म्हणून लोक त्या सांगतसुद्धा नाहीत. सांगा. ऑपरेशनच्या जागेजवळ फोड किंवा पुरळ असेल तर सर्जनला आधीच फोटो पाठवा. ऐन वेळी टेबलावर दिसलं तर ऑपरेशन रद्द होऊ शकतं.

खाणं. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन साडेतीनच्या खाली असेल तर जखम भरायला त्रास होतो. महिनोन्‌महिने दुखण्याने गांजलेली म्हातारी माणसं चहा-बिस्किटांवर दिवस काढत असतात. त्यांना डाळ, अंडी, दूध, पनीर, मासे, जे घरात चालतं ते रोज पोटात जाऊ द्या. महागड्या प्रोटीन पावडरीची गरज बहुतेकांना नसते.

काही रुग्णालयांत नाकाचा स्वॅब घेतात. त्यात वर सांगितलेला स्टॅफिलोकॉकस (थोडक्यात स्टॅफ) सापडला तर नाकात लावायचं म्युपिरोसिन मलम देतात. मलम दिलं तर सांगितलेले सगळे दिवस लावा, दोन दिवसांनी विसरू नका.

दुसरी पायरी: भूलतज्ज्ञांची भेट

ही भेट दहा मिनिटांची असते आणि नातेवाईक तिच्याकडे सही घेण्याचा सोपस्कार म्हणून बघतात. माझ्या मते ऑपरेशनच्या आधीची ही सगळ्यात कामाची दहा मिनिटं आहेत, कारण बहुतेक ठिकाणी अँटिबायोटिकचं इंजेक्शन प्रत्यक्ष देतात ते भूलतज्ज्ञच.

पेशंटचं खरं वजन सांगा. अंदाजे नको, काट्यावर उभं करून बघा. नेहमी वापरलं जाणारं औषध सेफाझोलिन. मोठ्या माणसाला त्याचा डोस २ ग्रॅम, आणि वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. काही ठिकाणी सेफ्युरोक्झिम देतात. दोन्ही जुनी औषधं आहेत आणि फार महाग नाहीत. कातडीवरच्या जंतूंवर ती छान चालतात, म्हणून निवडलेली असतात. "एवढं साधं औषध? त्यापेक्षा स्ट्राँग द्या की," असा आग्रह धरू नका. भारी म्हणवली जाणारी औषधं वेगळ्या जंतूंसाठी राखून ठेवायची असतात. उगाच वापरली तर खरी गरज पडेल तेव्हा ती चालत नाहीत.

ॲलर्जीचं नीट सांगा. "पेनिसिलिनची ॲलर्जी" एवढंच लिहून मोकळं होऊ नका. काय झालं होतं? अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, की नुसते जुलाब झाले? किती वर्षांपूर्वी? इंजेक्शननंतर किती वेळाने? पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना तपासल्यावर ती निघत नाही. लहानपणी ताप आणि पुरळ एकदम आलं, आईने औषधावर ठपका ठेवला, तो कायमचा चिकटला. या एका शब्दामुळे सेफाझोलिन टाळून दुसरं औषध द्यावं लागतं, आणि ते प्रत्येक वेळी तितकंच चांगलं पडतं असं नाही. पण खरोखर श्वास लागला असेल, चेहरा सुजला असेल, चक्कर येऊन पडले असतील, तर तेही ठणकावून सांगा.

आणखी सांगायचं ते हे: पूर्वी कुठल्या ऑपरेशनची जखम चिघळली होती का, गेल्या काही महिन्यांत रुग्णालयात मुक्काम झाला होता का, एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफ) असं काही रिपोर्टमध्ये लिहिलं होतं का, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का. एमआरएसए असेल तर व्हॅन्कोमायसिन लागू शकतं. ते तासभर किंवा जास्त वेळ सलाइनमधून हळूहळू सोडावं लागतं, म्हणून ते दोन तास आधीच सुरू करतात. घाईने सोडलं तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते.

शेवटी हे दोन प्रश्न याच शब्दांत विचारा: "डॉक्टर, अँटिबायोटिकचा डोस चीर देण्याआधी तासाभराच्या आत जाईल ना? आणि ऑपरेशन लांबलं तर परत देणार ना?" चांगले भूलतज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाहीत. उलट त्यांना बरं वाटतं.

तिसरी पायरी: आदल्या रात्री

पाठीवर वस्तरा फिरवायचा नाही. हे मी जाड अक्षरांत लिहायला हवं. एका मुलाने वडिलांना ॲडमिट करायच्या आदल्या संध्याकाळी कोपरीतल्या ओळखीच्या न्हाव्याला घरी बोलावून पाठ गुळगुळीत करून घेतली होती. मुलगा गुणाचा, वडिलांची सेवा म्हणूनच केलं. थिएटरच्या दिव्याखाली मी ती पाठ पाहिली तेव्हा कमरेवर बारीक बारीक लाल ओरखडे होते, दोन ठिकाणी रक्ताचे ठिपके. वस्तऱ्याचे असे ओरखडे म्हणजे जंतूंना मुक्काम करायला तयार खोबणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे: केस शक्यतो काढूच नयेत, आणि अगदी आड येत असतील तर फक्त क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशिनने, कापावेत. ते काम रुग्णालयातच होऊ द्या. केस काढायच्या क्रीमनेही कातडी भाजते, तीही नको.

आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने नीट आंघोळ. रुग्णालयाने क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं लिक्विड दिलं असेल तर ते मानेखाली लावा आणि डोळ्या-कानांत जाऊ देऊ नका. कमरेची घडी, काखा, जांघा, बेंबी हे विसरायचे कोपरे. नंतर तेल, पावडर, बाम काही लावायचं नाही. दुखतं म्हणून वर्षभर मालिशचं तेल चोळलेली पाठ असते, त्यामुळे त्या दिवशी चोळायचा मोह होतो. आवरा. स्वच्छ धुतलेले कपडे, धुतलेली चादर, कापलेली नखं, नेलपॉलिश पुसलेलं.

चौथी पायरी: ऑपरेशनच्या दिवशीचा तो एक तास

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. फाइलवर अँटिबायोटिकची वेळ लिहिली होती सकाळी ८. मी घड्याळ बघून बरोबर ८ वाजता वॉर्डात इंजेक्शन दिलं आणि समाधानाने टिक केली. सर्जनची गाडी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, आधीची केस लांबली, आणि आमच्या पेशंटला चीर द्यायची वेळ आली साडेअकराला. टेबलाजवळ थिएटर इन्चार्ज सिस्टरनी फाइल उघडली आणि मला विचारलं, "आठला दिलंस ना? मग आत्ता त्याच्या रक्तात किती उरलं असेल?" मला उत्तर देता आलं नाही. भूलतज्ज्ञांनी त्याच क्षणी पुन्हा डोस दिला, काही मिनिटं थांबले, मगच चीर पडली. पेशंट व्यवस्थित बरा झाला. त्या दिवसापासून मी इंजेक्शनची वेळ चीर कधी पडणार यावरून धरायला शिकले, भिंतीवरच्या घड्याळावरून नाही.

सेफाझोलिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं. चीर पडते तेव्हा, आणि जखम उघडी असेतो, रक्तात आणि स्नायूंत त्याची मात्रा भरपूर असली पाहिजे. जंतू पडायच्या आधी औषध तिथे हजर हवं. १९६१ साली जॉन बर्क नावाच्या अमेरिकन सर्जनने गिनीपिगवर हे दाखवलं होतं: कातडीत जंतू सोडायच्या आधी औषध दिलं तर ते थोपतात, तीन तास उशीर केला तर औषध दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. मग १९९२ मध्ये अमेरिकेत २,८४७ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चीर देण्याआधीच्या दोन तासांत डोस मिळालेल्यांत इन्फेक्शन ०.६ टक्के. त्याहूनही आधी दिलेल्यांत ३.८ टक्के. चीर दिल्यानंतर तीन तास उलटून गेल्यावर दिलेल्यांत ३.३ टक्के. फार लवकर देणं आणि फार उशिरा देणं, दोन्ही जवळजवळ सारखंच महागात पडलं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टमध्ये, चीर देण्याआधी सगळी टीम क्षणभर थांबते तेव्हा, एक प्रश्न मोठ्याने विचारायचा असतो: गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का? ही चेकलिस्ट आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत तपासली गेली, त्यात दिल्लीचंही एक होतं, आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुमच्या रुग्णालयात ती वापरतात का, हे आधीच्या भेटीत जरूर विचारा.

घरच्यांचा एक गोंधळ इथे नेहमी होतो. वॉर्डात सकाळी हातावर कातडीत छोटंसं इंजेक्शन टोचून पेनाने गोल करतात, तो टेस्ट डोस. त्यालाच लोक अँटिबायोटिक झालं असं समजतात. खरा डोस शिरेतून जातो आणि तो बहुधा थिएटरमध्येच. कुणी वॉर्डात मोठा डोस देऊ लागलं आणि केस लांबल्याचं तुम्हाला कळलं असेल, तर नम्रपणे म्हणा, "सिस्टर, केस उशिरा आहे म्हणतात, तर थिएटरमध्येच द्यायचं का, एकदा विचाराल?" वॉर्डातल्या सिस्टरवर एकाच वेळी दहा-बारा पेशंट असतात. तुम्ही सांगितलेली ही गोष्ट तिच्या कामाचीच आहे.

ऑपरेशन चार तासांच्या पुढे गेलं की सेफाझोलिनचा डोस पुन्हा देतात. दीड लिटरच्या वर रक्त गेलं तरी देतात, कारण रक्ताबरोबर औषधही वाहून जातं. वाकलेला कणा सरळ करण्यासारखी मोठी ऑपरेशनं सहा-आठ तास चालतात, तिथे हे फार महत्त्वाचं.

थिएटर थंड असतं. पेशंट गार पडला तर कातडीतला रक्तपुरवठा आकसतो आणि इन्फेक्शन वाढतं, म्हणून गरम हवेचं ब्लँकेट घालतात. आत नेताना वॉर्डबॉय मामांना सांगून अंगावर जाड चादर मागून घ्या. पाठीला क्लोरहेक्सिडिन आणि स्पिरिटचं मिश्रण किंवा बेटाडीन लावतात आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबतात. काही सर्जन जखम शिवण्याआधी आत व्हॅन्कोमायसिनची पावडर टाकतात. त्याबद्दलच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, तो निर्णय त्यांच्यावर सोडा.

पाचवी पायरी: अँटिबायोटिक बंद झालं म्हणून घाबरू नका

ऑपरेशन झाल्यावर २४ तासांच्या आत अँटिबायोटिक थांबवतात. पुष्कळ ठिकाणी जखम शिवून झाली की पुढचा डोसही देत नाहीत. जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी अजून आहे म्हणून चालू ठेवायची गरज नसते. आणि इथेच नातेवाइकांचा धीर सुटतो. "शेजारच्या बेडला पाच दिवस देतायत, आम्हालाच का बंद केलं?" शेजारच्या बेडचं कारण वेगळं असू शकतं. जखम शिवली गेली, जंतू पडायची मुख्य वेळ टळली. पुढचे दिवस दिलेलं औषध जखमेसाठी फार काही करत नाही. पोटातले चांगले जंतू मात्र मारतं, जुलाब लावतं, मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं आणि उरलेल्या जंतूंना त्या औषधाची सवय लावतं.

चालू इन्फेक्शनवरचा कोर्स ही वेगळी गोष्ट. तो डॉक्टरांनी दिला तर पूर्ण करायचाच.

वॉर्डात तुम्ही करायचं ते एवढंच: पेशंटला हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी हात धुवा किंवा सॅनिटायझर लावा, ड्रेसिंगचा कोपरा उचलून आत बघू नका, आणि भेटायला येणाऱ्यांना पलंगावर बसू देऊ नका. लघवीची नळी कधी काढणार ते रोज राउंडला विचारा. विनाकारण राहिलेली नळी लघवीचं इन्फेक्शन ओढवून आणते, आणि ते रक्तातून मणक्यापर्यंत पोचू शकतं.

सहावी पायरी: घरी आल्यावर

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर ड्रेसिंग कोरडं. ठाण्याच्या दमट हवेत हे बोलायला सोपं आहे. कमरेचा पट्टा बांधला की आत घामाच्या धारा लागतात आणि ड्रेसिंगच्या कडा सुटतात. पट्ट्याखाली सुती बनियन घाला आणि तो दिवसातून दोनदा बदला. पंख्याखाली पडताना रेक्झिनच्या सोफ्यावर नको, सुती चादरीवर. आंघोळ म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसणं, डॉक्टर पाणी घ्या म्हणेपर्यंत.

कमोडच्या जेट स्प्रेबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. कमरेच्या खालच्या भागातली जखम असेल तर स्प्रेचं पाणी मागून वर उडतं आणि ड्रेसिंगची खालची कड भिजते. ते पाणी घाणीचं असतं. स्प्रे बाजूला ठेवा, मग्याने पुढून मागे हळू धुवा आणि सुती कापडाने टिपून कोरडं करा. कड भिजली तर संध्याकाळची वाट बघू नका, ड्रेसिंग लगेच बदलून घ्या. भारतीय बैठकीचा संडास असेल तर भाड्याने कमोडची खुर्ची आणा.

जखमेवर हळद, खोबरेल, कडुलिंबाचा लेप, आयुर्वेदिक तेल, यातलं काहीही नाही. आजीच्या औषधांवर माझा राग नाही, पण स्क्रूपर्यंत जाणारी जखम त्यांच्यासाठी नाही.

गणपतीत किंवा दिवाळीत ऑपरेशन झालं असेल तर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. सर्दी-खोकला किंवा अंगावर फोड असलेल्यांना फोनवरच विचारपूस करायला सांगा. त्यात काही उद्धटपणा नाही.

सातवी पायरी: काय दिसलं तर फोन करायचा

रोज एकाच वेळी, त्याच खिडकीच्या उजेडात ड्रेसिंगचा फोटो काढून ठेवा. टाके निघाल्यावर जखमेचा काढा. आठवड्याभराचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की लाली वाढते आहे की उतरते आहे ते डॉक्टरांना एका नजरेत कळतं. आठवणीवर विसंबून "जरा जास्त लाल वाटतंय" म्हणण्यापेक्षा हे फार उपयोगी.

जखमेतून पू किंवा लालसर पाणी येत राहणं, घाण वास, कडा उघडणं, भोवती गरम आणि कडक लागणं, थंडी वाजून १०१ च्या वर ताप, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी कळवा. पाण्यासारखा स्वच्छ द्रव येत असेल आणि उठून बसल्यावर डोकं फुटतंय असं वाटत असेल तर मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी गळत असण्याची शक्यता असते, तेही त्याच दिवशी. पाय अचानक लुळे पडले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर फोनच्या उत्तराची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा. घोडबंदर रोडचा संध्याकाळचा ट्रॅफिक लक्षात घेऊन लवकर निघा.

गादीतलं इन्फेक्शन मात्र फसवं असतं. ऑपरेशननंतर पेशंटला छान वाटायला लागतं, आठ-पंधरा दिवस बरे जातात, आणि दोन ते चार आठवड्यांनी पाठ पुन्हा भयंकर दुखायला लागते. कूस बदलतानाही ओरडायला होतं, रात्रीची झोप उडते. वरची जखम अगदी सुकलेली, ताप असेलच असं नाही. घरच्यांना वाटतं, जास्त चालले असतील, पथ्य मोडलं असेल. बरं होऊन परत वाढलेलं दुखणं कधीही असं उडवून लावू नका.

सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. त्यांचे रिपोर्ट घरबसल्या करून घ्यायची हल्ली सोय आहे, आणि त्यावरून लोक फार घाबरतात. ऑपरेशननंतर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जातो आणि मग उतरत साधारण दोन आठवड्यांत नेहमीच्या जागी येतो. ईएसआर कितीतरी आठवडे चढलेला राहू शकतो. एकट्या आकड्याला अर्थ कमी. उतरायला लागलेला सीआरपी पुन्हा चढला तर मात्र डॉक्टर एमआरआय सांगतील.

आता ज्यासाठी मी हात जोडते ती गोष्ट. जखमेतून पाणी आलं म्हणून नाक्यावरच्या केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. घरात उरलेल्या गोळ्याही नकोत. डॉक्टरांना आधी पुवाचं किंवा आतल्या पेशींचं कल्चर घ्यायचं असतं. कोणता जंतू आहे आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं, ते त्यातून कळतं. दोन-तीन गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये जंतू बऱ्याचदा उगवत नाही, पण मणक्यात तो जिवंतच असतो. मग डॉक्टरांना अंधारात तीर मारावा लागतो, आणि कोर्स आठवड्यांनी लांबतो. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती याचसाठी. केंद्र सरकारने २०१६ मध्ये या लाल रेघेची मोहीम काढली होती: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका.

इन्फेक्शन झालंच तर ते बहुतेकदा बरं होतं. लवकर सापडलं तर बहुतेक वेळा जखम पुन्हा उघडून आतून धुतात, सडलेला भाग काढतात आणि स्क्रू-रॉड शक्यतो तसेच ठेवतात, कारण हाड जुळेपर्यंत मणक्याला त्यांचा आधार लागतो. मग शिरेतून अँटिबायोटिक, पुष्कळदा सहा आठवड्यांच्या आसपास. त्यातला बराचसा काळ घरी राहून नळी लावून होऊ शकतो. पेशंटला "तुम्हीच काहीतरी केलंत" असं म्हणू नका. त्या माणसाचा धीर तेवढ्याने खचतो, हे मी पाहिलं आहे.

फोन करताना काय सांगायचं ते आधीच कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा: पेशंटचं नाव, ऑपरेशनची तारीख, कोणतं ऑपरेशन, स्क्रू आहेत का, मधुमेह आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आज ताप किती आणि कधी मोजला, जखमेतून काय येतंय आणि केव्हापासून, आणि गेल्या तीन दिवसांत पोटात गेलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. खाली सर्जनच्या रुग्णालयाचा रात्रीचा नंबर, मोठ्या अक्षरात, आजोबांनाही चष्म्याशिवाय वाचता येईल असा.